एकाच बॅचमध्ये चार पातळ्या: बोलायला काय द्यायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: दादरला संध्याकाळची स्पोकन इंग्लिशची बॅच सुरू करून दोन महिने झाले. सोळा जण येतात. कॉलेजची मुलं आहेत, मुलाखतीच्या तयारीत असलेले चार-पाच जण आहेत, दुकानात काम करणारे आहेत, दोन गृहिणी आहेत. तुम्ही विषय देता, ठरलेले तिघं बोलतात आणि बाकीचे वहीत डोकं घालून बसतात. म्हणून कोणत्या पातळीला कोणते विषय द्यायचे, याची यादी तुम्हाला हवी आहे.

मी २२ वर्षं परळ-लालबाग भागात प्रौढांचे इंग्रजीचे वर्ग घेते आहे. सुरुवातीची काही वर्षं माझ्याकडेही अशी यादी होती. नवख्यांना ‘माय फॅमिली’, मधल्यांना ‘माय फेव्हरेट फेस्टिव्हल’ आणि पुढच्यांना ‘मोबाइल शाप की वरदान’. ती यादी मी सोडून दिली, कारण पातळी विषयाला नसतेच मुळी. त्या विषयावर तुम्ही माणसाला काय करायला लावता, त्याला पातळी असते.

पावसाचं घ्या. पाऊस पडतोय का, छत्री आणलीस का, एवढं विचारणं आणि सांगणं नवख्यालाही जमतं. गाड्या उशिरा आहेत, मला क्लासला यायला अर्धा तास लागेल, हे फोनवर कळवणं एक पायरी वर. हिंदमाताला पाणी भरलं होतं तेव्हा तुम्ही घरी कसे पोचलात, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणं आणखी वर. आणि शाळांना सुट्टी आदल्या रात्री जाहीर करावी की सकाळी पाऊस बघून, यावर समोरच्याचं म्हणणं खोडून काढत बोलणं त्याच्याही वर. विषय एकच आहे. सोळाच्या सोळा जण त्यावर बोलू शकतात, फक्त प्रत्येकाच्या हातात वेगळं काम हवं.

पातळ्यांची नावं तुम्ही ऐकली असतीलच. युरोपच्या कौन्सिलने २००१ साली जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा पायऱ्या आहेत. त्याचा मला सर्वांत मोठा उपयोग झाला तो असा की त्यात प्रत्येक पायरीचं वर्णन ‘हा माणूस काय करू शकतो’ अशा भाषेत आहे. शब्द किती येतात, व्याकरणाचे किती धडे झाले, हा हिशेब तिथे मुख्य नाही. ए१च्या वर्णनात तर स्पष्ट म्हटलंय की समोरचा माणूस हळू बोलायला, पुन्हा सांगायला आणि मदत करायला तयार असेल, तर हा शिकणारा साधा संवाद करू शकतो. म्हणजे नवख्याचं बोलणं हे त्याच्या एकट्याचं नसतंच. आणि आपण मात्र त्यालाच फळ्यासमोर एकटं उभं करतो.

आता एक प्रसंग जरा बारकाईने सांगते, कारण प्रत्येकाला त्याचं काम लिहून द्यायची जी कार्डं मी करते, ती लिहायची पद्धत त्यातून बदलली.

माझ्याकडे लालबागच्या एक ताई यायच्या. घरीच फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं काम. पहिल्या दिवशी त्यांनी ‘माय सेल्फ’ म्हणून दाखवलं. मुलीने लिहून दिलेलं, दहा वाक्यं, पाठ. ‘माय हॉबी इज’ला अडकल्या आणि खाली बसल्या. पुढचे दोन आठवडे तोंड उघडलं नाही. एकदा वर्ग संपल्यावर चपला घालता घालता त्या मला म्हणाल्या, “बाई, समोरच्या टॉवरमधल्या मॅडम येतात ना, त्या इंग्लिशमध्येच विचारतात कधी देणार म्हणून. मी नुसती बोटं दाखवते.”

दुसऱ्या दिवशी मी दोन कार्डं लिहिली. त्यांच्या कार्डावर मराठीत: ब्लाउज आज द्यायचा होता. झालेला नाही. कारण तुम्ही ठरवा. शनिवारी देता येईल. दुसरं कार्ड बी. कॉम.च्या एका मुलीला, तिचं इंग्रजी बऱ्यापैकी: परवा बहिणीचा साखरपुडा आहे. ब्लाउज उद्याच हवा. त्याशिवाय दुकानातून हलायचं नाही. एकीचं कार्ड दुसरीने बघायचं नाही.

ताई म्हणाल्या, “सॉरी मॅडम. ब्लाउज नॉट रेडी. लाइट गॉन. मशीन नो.” मुलगी म्हणाली, उद्याच हवा, साखरपुडा आहे. ताईंनी विचारलं, “व्हेन फंक्शन?” मुलगी अडली, कारण तिला ‘परवा’ म्हणायचं होतं. आपला परवा मागेही असतो आणि पुढेही असतो. तिने घाईत ‘डे बिफोर येस्टरडे’ म्हटलं. ताईंच्या चेहऱ्यावर गोंधळ. “फिनिश?” त्यांनी विचारलं. मुलीने स्वतःच दुरुस्त केलं, डे आफ्टर टुमॉरो. मग शांतता. मी काही बोलले नाही. वर्गही बोलला नाही. सात-आठ सेकंद गेले असतील, आणि ताई म्हणाल्या, “टुमॉरो नाइट. नाइन ओक्लॉक. यू कम. ओके?”

व्याकरणाच्या नजरेने यात पूर्ण वाक्य एकही नाही. पण माफी मागितली, कारण दिलं, न समजलेलं विचारून घेतलं, आणि दोघींना चालेल अशी वेळ ठरवली. ए२ची पायरी म्हणजे हेच: रोजच्या कामातली माहिती थेट देणं-घेणं. दोन आठवडे गप्प बसलेल्या बाईने हे तीन मिनिटांत केलं, कारण समोरचीला काय हवंय ते त्यांना खरंच माहीत नव्हतं आणि ते कळल्याशिवाय काम पुढे सरकणार नव्हतं.

याच ब्लाउजला पुढे किती पायऱ्या चढवता येतात ते बघा. ए१ला: रंग कोणता, माप काय, पैसे किती, कधी मिळेल, एवढंच विचारायचं आणि सांगायचं, एकाकडे पावती, दुसऱ्याकडे कोरी पावती, ऐकून भरायची. बी१ला: गिऱ्हाईक चिडलंय, काल दुपारपासून काय काय झालं ते क्रमाने सांगायचं. बी२ला: ब्लाउज धुतल्यावर अस्तर आटलं, चूक कापडाची की शिवणाऱ्याची, पैसे परत करायचे की नाही, दोघांनी तोडगा काढायचा. सी१ला: तीच तक्रार एका तिऱ्हाइताने ऐकून घ्यायची आणि दोन्ही बाजू न दुखावता मांडायच्या. माझ्या अनुभवात बी२चं कार्ड कॉलेजच्या मुलांना सगळ्यांत जास्त बोलतं करतं, कारण त्यात पैसे अडकलेले असतात.

ताईंच्या त्या सात-आठ सेकंदांबद्दल थोडं. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतली टेपरेकॉर्डिंग तपासली, तेव्हा असं दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. तो अभ्यास विज्ञानाच्या वर्गांचा होता. परक्या भाषेत तर वाक्य आधी डोक्यात जुळवावं लागतं, म्हणजे तीन सेकंदही कमीच. तुमचे तेरा जण बोलत नाहीत, यातला निम्मा भाग या शांततेत असेल असं मला वाटतं. मोबाइलवर एकदा तुमचाच वर्ग रेकॉर्ड करून ऐका.

‘समोरच्याला माहीत नसलेलं काहीतरी हवं’ ही कल्पना माझी नाही. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरहून दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये जो प्रकल्प चालवला, त्यात त्यांनी कामांचे तीन प्रकार सांगितले. एकाकडची माहिती दुसऱ्याकडे पोचवायची, हा पहिला. हातातल्या माहितीवरून तर्क करून काहीतरी नवं काढायचं, हा दुसरा. स्वतःचं मत किंवा आवड मांडायची, हा तिसरा. त्यांनी भर दिला तो दुसऱ्यावर. वेगवेगळ्या वर्गांची वेळापत्रकं देऊन त्यावरून एकाच शिक्षकाचं वेळापत्रक तयार करायला लावणं, हे त्यांचं प्रसिद्ध उदाहरण. आपल्याकडच्या बहुतेक क्लासमध्ये मात्र थेट तिसऱ्यावर उडी असते. वाय आर यू सायलेंट, गिव्ह युवर ओपिनियन! ज्याला कारण सांगायची वाक्यं जुळवता येत नाहीत, तो मत काय देणार? शिवाय मुंबईतल्या नोकरदार माणसाला वर्गात बारा अनोळखी लोकांपुढे मत द्यायचंच नसतं, हेही आहेच. तर्काचं काम दिलं की तो संकोच निघून जातो. लक्ष कार्डावर असतं, स्वतःवर नसतं.

मुंबईत तर्काच्या कामाला तोटा नाही. माझं सर्वांत चाललेलं कार्ड मेगाब्लॉकचं. तिघांचा गट करायचा. पहिल्याच्या कार्डावर: रविवारी माटुंगा ते मुलुंड डाउन धिमा मार्ग ११.०५ ते ३.५५ बंद, धिम्या गाड्या जलद मार्गावरून, विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूरला थांबणार नाहीत. दुसऱ्याच्या कार्डावर: नाहूरला बारशाचं आमंत्रण, वेळ दुपारी साडेबारा, निघायचं दादरहून. तिसऱ्याच्या कार्डावर: सोबत ७५ वर्षांची आजी आहे, जिना चढवत नाही, आणि खिशात २०० रुपये. वीस मिनिटांत ठरवायचं: किती वाजता निघायचं, कुठे उतरायचं, पुढे कसं जायचं. ब्लॉकआधीची गाडी पकडून लवकर जाऊन बसायचं, मुलुंडला उतरून रिक्षा करायची की भांडुपला, यावर ए२ आणि बी१ची माणसं जी काही बोलतात! ‘इफ वुई गो अर्ली’, ‘बट ग्रँडमदर कॅनॉट’, ‘बेटर टेक रिक्षा फ्रॉम मुलुंड’. मी फळ्यावर ‘इफ’ शिकवलेलंच नसतं. ते त्यांना लागतं म्हणून ते मागतात.

लोकलमधली चौथी सीट हे असंच एक छोटं कार्ड, नवख्यांसाठी. सरकायला सांगायचं, उतरणार कुठे ते विचारायचं, नाही म्हणायचं असेल तर कारण द्यायचं. दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या की झालं.

तुम्ही मराठी माणसांना शिकवताय, त्यामुळे कार्ड लिहिताना एक गोष्ट हाताशी ठेवा. आपल्या कुठल्या सवयी इंग्रजीत आडव्या येतात, ते ठरलेलं आहे, आणि त्या सवयी बाहेर याव्यात अशी कामं मुद्दाम द्यायची. आपण ‘काल मी गेलो होतो’ म्हणतो, म्हणून ‘आय हॅड गॉन येस्टरडे’ येतं. यासाठी बी१ला कालच्या दिवसाची हकीकत द्यायची, पण ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्यानंतर ‘देन?’ एवढंच विचारायचं. घटनांची माळ लागली की साधा भूतकाळ आपोआप जागेवर येतो. वडिलांबद्दल, सरांबद्दल आपण ‘ते’ म्हणतो, म्हणून ‘माय फादर’नंतर ‘दे’ येतं. यासाठी घरातल्या थोरल्या माणसाची रोजची दिनचर्या सांगायला द्या, ए२लाच द्या. प्रश्नात आपला शब्दक्रम बदलत नाही, म्हणून ‘यू आर गोइंग व्हेअर?’ असं ऐकू येतं. यासाठी उत्तर देणाऱ्यापेक्षा विचारणाऱ्याच्या हातात कार्ड हवं. मुलाखतीत शिकणाऱ्याला उमेदवार सगळेच करतात. त्याला मुलाखत घेणारा करून बघा.

आता ज्यावर मी आग्रही आहे ती गोष्ट. परदेशी पुस्तकांतले तयार प्रश्न जसेच्या तसे आणू नका. ‘तुझ्या बेडरूमचं वर्णन कर’, ‘मागच्या सुट्टीत कुठे गेला होतास’. भाषेच्या दृष्टीने ए१-ए२ला अगदी योग्य. पण तुमच्या वर्गात एका खोलीत सहा माणसं राहणारा मुलगा असेल आणि शेजारी स्वतंत्र खोली असलेली मुलगी बसली असेल. तो मुलगा इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसलाय की सांगायचं नाही म्हणून, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मी त्याऐवजी विचारते: तुमच्या घरी कुठली वस्तू कुठे ठेवलीय ते शेजारच्याला फोनवर सांगा, त्याला ती शोधायची आहे. ‘अंडर द कॉट’, ‘बिहाइंड द टिन’, ‘ऑन द माळा’. ज्यांच्या घरी माळा आहे, त्यांची वाक्यं जास्त लांबतात.

घराचा प्रश्न मोठ्या पातळीवर मात्र मी जरूर घेते, पण भूमिका देऊन. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्या. पुनर्विकासात मिळणारं घर ५०० चौरस फुटांचं. बी२चा गट. एक जण उंबऱ्यावर बसून आयुष्य काढलेली आजी, एक जण दहावीची मुलगी जिला अभ्यासाला कोपरा हवा, एक जण उत्सव मंडळाचा कार्यकर्ता, एक जण दरमहा देखभालीचे पैसे भरणारा कमावता मुलगा. नव्या इमारतीत तळमजल्यावरची मोकळी जागा कशासाठी वापरायची, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ‘चाळ चांगली की टॉवर’ असा विषय दिला असता तर प्रत्येकी तीन वाक्यं आली असती. जागेचा निर्णय घ्यायचा म्हटल्यावर अर्धा तास कमी पडतो, आणि फायदे-तोटे मांडत आपली बाजू सांगणं ही बी२ची खूण तुम्हाला डोळ्यांसमोर दिसते.

सी१ची माणसं संध्याकाळच्या बॅचला फारशी येत नाहीत. आली तर त्यांना वेगळे अवघड विषय शोधत बसू नका. त्या आराखड्याची जी पुरवणी २०२०मध्ये आली, तिच्यात मध्यस्थीवर मोठा भर आहे, म्हणजे एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत त्याला कळेल अशा रीतीने पोचवणं. मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीत हे रोज चालतं. पंपाच्या कामासाठी उद्या पाणी बंद, ही मराठी नोटीस नव्या भाडेकरूला इंग्रजीत सांगणं ए२ला जमतं. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून झालेली बाचाबाची, त्यातलं कोण का चिडलं यासकट, कोणाची बाजू न घेता त्याच भाडेकरूला सांगणं, हे सी१चं काम. नोटीस खरीच आणा, तुमच्या इमारतीच्या फळ्यावरची.

मुलाखतीवाल्यांचं थोडक्यात. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ त्यांना पाठ हवं असतं. पाठ करू द्या, पण त्याला ४-३-२ लावा: तेच बोलणं एका जोडीदारासमोर चार मिनिटं, मग दुसऱ्यासमोर तीन मिनिटं, मग तिसऱ्यासमोर दोन मिनिटं. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्यामुळे हे तंत्र बरंच पसरलं. दर वेळी ऐकणारा नवा, म्हणून सांगणाराही कंटाळत नाही, आणि वेळ कमी होत गेल्यामुळे अडखळणं गळत जातं. नवख्यांना चार मिनिटं फार होतात. मी दोन, दीड, एक असं करते. आयईएल्टीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, देणारे कोणी असतील तर त्यांना तिच्या तोंडी परीक्षेतल्या दुसऱ्या भागाची सवय लागेल असंच द्या: कार्ड, एक मिनिट तयारी, मग एक ते दोन मिनिटं न थांबता बोलणं. ते तयारीचं एक मिनिट मी सगळ्याच पातळ्यांना देते, आणि त्या मिनिटात मराठीत विचार करायला, कुजबुजायला, शब्द विचारायला पूर्ण मोकळीक. वर्गात मराठी बंद अशी पाटी मी लावत नाही. काय सांगायचंय ते ठरलेलं असलं, की कसं सांगायचं याकडे लक्ष देता येतं.

मिश्र बॅचमध्ये जोड्या लावताना सारख्याला सारखा जोडीदार शोधू नका. कच्च्याला ठरलेली माहिती असलेली भूमिका द्या आणि पक्क्याला अडवून धरणारी, म्हणजे गिऱ्हाईक, घरमालक, तपासनीस. पक्क्याला आपलं म्हणणं तीन-तीन तऱ्हांनी मांडावं लागतं, आणि कच्च्याला आपल्या मोजक्या वाक्यांत काम भागवता येतं. तुमचे ते तिघं बोलणारे इथे कामाला लावा. आणि चुका बोलणं चालू असताना सुधारू नका. मी मागे बसून वहीत लिहिते, शेवटच्या दहा मिनिटांत नाव न घेता तीन चुका फळ्यावर मांडते, आणि दोन चांगली वाक्यंही. तीनच.

राहिल्या तुमच्या दोन गृहिणी. त्यांच्यासाठी पुढच्या सोमवारचं कार्ड तुम्ही घरी बसून लिहू नका. शुक्रवारी जाताना प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि मराठीत एकच गोष्ट लिहून आणायला सांगा: या आठवड्यात इंग्रजी बोलावं लागलं किंवा टाळावं लागलं, ते कुठे आणि समोर कोण होतं. शाळेच्या पालकसभेत, कुरिअरवाल्याशी फोनवर, बँकेच्या खिडकीवर, मुलाच्या मित्राच्या आईशी लिफ्टमध्ये. सोळा चिठ्ठ्या येतील, त्यातल्या चार निवडा, प्रत्येकीची दोन कार्डं करा, आणि ज्याची चिठ्ठी असेल त्याला पहिल्या फेरीत समोरच्याची भूमिका द्या, दुसऱ्या फेरीत त्याची स्वतःची.